बिट काळी पडते, बोल हाताला लागतो

पत्र चोपडा तालुक्यातून आलं आहे. लिहिणारे २४ वर्षांचे आहेत. आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा ट्रेड केला आणि दीड वर्षापूर्वी दुरुस्तीचं दुकान टाकलं. मुख्य काम म्हणजे शेतकऱ्यांच्या मोटारींचे मोबाइल ऑटो (लाइट आली की मोटार आपोआप चालू करणारं यंत्र) आणि स्टार्टरची कार्डं म्हणजे सर्किट बोर्ड; जोडीला इन्व्हर्टर, चार्जर. गाळ्याचं डिपॉझिट काकांनी भरलं. सोल्डरिंग स्टेशन (कार्डावरचे जोड करायचं, तापमान दाखवणारं अवजार), बिट्स (त्याची तापणारी टोकं), सोल्डरची म्हणजे कथील-शिशाची वायर हा माल तालुक्यातल्या एका ओळखीच्या दुकानदाराकडून उधारीवर घेतला. बिटांच्या पाकिटावर जपानच्या 'हाको' कंपनीचं नाव आहे आणि पाच बिटांचा संच १५० रुपयांना मिळाला. तीन-चार दिवसांत बिट काळी पडते, टोकाला सोल्डर धरत नाही, गोळा होऊन खाली पडतं. महिन्याला ४० च्या आसपास कार्डं येतात, प्रत्येकाची मजुरी साधारण ३०० रुपये. त्यातली सहा-सात परत येतात. परवा एक शेतकरी भर दुकानात सगळ्यांसमोर म्हणाला, "आते चालू व्हती, परत बंद पडनी." काका म्हणतात, नाचता येईना अंगण वाकडं. आता १५,००० रुपये व्याजाने काढून 'ओरिजिनल' स्टेशन घ्यावं का, असा प्रश्न आहे. दुकानदाराला तोंडावर विचारावं तर उधारी बंद होईल आणि जुना संबंध तुटेल. गप्प बसावं तर नाव खराब होतंय. पत्राच्या शेवटी लिहिलं आहे, "दोष माझ्या हातात आहे की बिटमध्ये, हेच मला कळेनासं झालं आहे."

प्रिय भाऊ,

तुमच्या पत्रातलं ते शेवटचं वाक्य मला फार लागलं. उधारी फेडता येते, काकांचे बोल विसरता येतात. पण हात बसायच्या वयात आपलं चुकतंय की अवजाराचं हेच कळेनासं झालं, तर शिकणंच खुंटतं. चांगला जोड का चांगला झाला ते कळत नाही, वाईट का झाला तेही कळत नाही. नकली बिटने तुमचं सगळ्यात मोठं नुकसान केलंय ते हे. म्हणून आधी हा गुंता सोडवू. कर्जाचं आणि दुकानदाराचं मग बोलू.

बिट बाहेरून एकाच धातूची दिसते, पण तसं नसतं. आत तांबं असतं, कारण उष्णता वाहून नेण्यात तांबं लोखंडाच्या जवळपास पाचपट सरस आहे. अडचण अशी की वितळलेल्या कथलात तांबं विरघळतं. जुने रेडिओ मेकॅनिक नुसत्या तांब्याची बिट वापरायचे आणि टोकाला खड्डा पडला की कानशीने घासून परत सपाट करायचे, ते याच कारणाने. त्यावर तोडगा म्हणून तांब्यावर लोखंडाचा थर चढवतात. लोखंड कथलात विरघळतं, पण अगदी सावकाश. टोक सोडून वरच्या भागावर क्रोमचा थर देतात, म्हणजे सोल्डर वर चढत नाही, टोकालाच राहतं. आणि टोकाला कारखान्यातच कथील लावलेलं असतं. आपल्याकडे पितळेच्या भांड्याला कल्हई करतात, त्यातलाच हा प्रकार. कल्हई उडाली की भांड्यातलं ताक कळकतं. टोकावरचं कथील गेलं की खालचं लोखंड हवेशी भिडतं, त्यावर काळा थर धरतो आणि मग सोल्डर त्याला चिकटत नाही.

नकली माल बनवणारा यातल्या प्रत्येक ठिकाणी पैसा वाचवतो. लोखंडाचा थर नावापुरता ठेवतो, म्हणून थोड्याच दिवसांत टोकाला भोक पडतं आणि आतलं तांबं खाल्लं जातं. कित्येकदा तर आत तांबं नसतंच. लोखंड किंवा कुठला तरी हलका मिश्रधातू असतो. शिवाय माप चुकतं. तुमच्या स्टेशनसारख्या यंत्रात चिनी मातीची हीटरची कांडी बिटच्या पोकळीत सरकवलेली असते. ती घट्ट बसली तरच उष्णता टोकापर्यंत जाते. पोकळी जरा सैल असली की मध्ये हवा राहते, आणि हवा उष्णता अडवते.

आता नीट लक्ष द्या, कारण तुमचा घोळ बहुधा इथे झाला आहे. अशा स्टेशनमध्ये तापमान मोजणारा सेन्सर हीटरच्या कांडीत असतो, बिटच्या टोकात नसतो. पडद्यावर ३५० दिसतंय म्हणजे कांडी ३५० अंशांवर आहे, एवढंच. टोक किती तापलं हे त्या आकड्यावरून कळत नाही. चांगल्या बिटमध्ये फरक थोडा असतो. खराब बिटमध्ये तो इतका वाढतो की रिलेची (कार्डावरच्या विजेवर चालणाऱ्या स्विचची) जाड पिन टेकवली की टोक थंडच पडतं. मग आपण काय करतो? आकडा वाढवतो. ३५० चे ४००, ४०० चे ४५०. तेवढ्यापुरतं सोल्डर वितळतं, पण त्या तापमानाला फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून वायरीत असलेली राळ) क्षणात जळून जातो, टोक आणखी वेगाने काळं पडतं, आणि छोट्या जोडांवर तीच बिट टेकवली की कार्डाचा ट्रॅक म्हणजे तांब्याची पट्टी उठते. म्हणजे एकाच कार्डावर जाड पिनेला ड्राय सोल्डर (कच्चा जोड) आणि बारीक पिनेला उठलेला पॅड (पिनेखालची तांब्याची टिकली). हे दोन्ही दोष एकत्र दिसत असतील तर तो हात बिघडल्याचा पुरावा धरू नका.

तरी माझ्या म्हणण्यावर विसंबू नका, स्वतः बघा. मेलेल्या बिटांपैकी एक घ्या, व्हाइसमध्ये घट्ट धरा आणि मधोमध कानशीने वरचा थर पूर्ण जाईपर्यंत घासा. खाली तांब्याचा लाल रंग दिसला तर निदान गाभा खरा आहे. पांढुरकं, राखाडी निघालं तर प्रश्न मिटला. ही परीक्षा फक्त निकामी बिटवर करायची; चालू बिट घासली तर ती तिथेच संपली. काही जण लोहचुंबक लावून बघायला सांगतात. त्यावर भरवसा ठेवू नका. अस्सल बिटच्या टोकालाही लोखंडाचा थर असतो, क्रोमखाली बऱ्याचदा निकेल असतं, दोन्ही चुंबकाला ओढतात. बिचारी अस्सल बिट त्या परीक्षेत नापास व्हायची.

दुसरी परीक्षा हाताची. भंगारातलं एखादं स्टार्टरचं कार्ड घ्या, ज्यावर रिले आणि जाड टर्मिनल आहेत. एक खात्रीची बिट मिळवा. जळगावला कुणा ओळखीच्या मेकॅनिककडे किंवा तुमच्या आयटीआयच्या सरांकडे असेल, तासाभरासाठी मागा. स्टेशन तेच, वायर तीच, फ्लक्स तोच, आकडा ३४० वर ठेवा. आधी तुमच्या बिटने दहा जोड करा, मग त्या बिटने दहा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर काहीच कळत नाही. मग भिंगाखाली बघा. चांगला जोड पिनेवर चढत गेलेला, उतार धरलेला दिसतो आणि त्याची कड पॅडवर पातळ होत जाते. कच्चा जोड पॅडवर थेंबासारखा फुगून बसतो, आणि पिनेभोवती केसाएवढी बारीक काळी गोल रेघ दिसते. ती रेघ म्हणजे फट. दुकानात टेबलावर ते कार्ड चालतं, कारण पिन कशीबशी टेकलेली असते. शेतात, पत्र्याच्या पेटीत, आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात ती पेटी भट्टीसारखी तापते, रात्री निवते, कॉन्टॅक्टर (मोटारीचा मोठा स्विच) दर वेळी धाडकन ओढला की हादरा बसतो. आठ दिवसांत फट उघडते. तुमच्या शेतकऱ्याचं म्हणणं अक्षरशः खरं होतं: चालू होती, परत बंद पडली.

दुसऱ्या बिटने दहाच्या दहा जोड नीट आले तर तुमचा हात ठीक आहे. सहा-सात नीट आले तर बिटचाही दोष आहे आणि थोडा तुमचाही. तेही चालेल, आता निदान काय सुधारायचं ते दिसेल.

तुमच्या बाजूचं जे थोडं असू शकतं तेही सांगते, कारण पत्रातल्या दोन गोष्टी मला खटकल्या. तुम्ही लिहिलंय की सगळ्या कामाला 'सुईसारखी टोकदार' बिट वापरता, कारण ती बारीक जागी जाते. मोबाइलच्या बोर्डाला ठीक. रिले, टर्मिनल, ट्रान्सफॉर्मरच्या पिनांना मात्र ती अगदीच अपुरी; सुईच्या टोकाला पिनेशी भिडायला जागाच नसते, उष्णता जाणार कुठून? या कामाला चपटी, पटाशीच्या आकाराची बिट हवी, दोन ते तीन मिलिमीटर रुंदीची. नुसता आकार बदलला तरी कमी तापमानावर तेच काम होईल. दुसरं म्हणजे काळी पडलेली बिट तुम्ही पॉलिश पेपरने घासता. त्याने उरलासुरला लोखंडाचा थर निघतो आणि शेवट जवळ येतो. बिट साफ करायला पितळी तारेची जाळी वापरा. स्पंज वापरणार असाल तर तो नुसता ओलसर हवा, आणि पाणी आरओचं घ्या. बोअरच्या पाण्यातले क्षार टोकावर बसतात. काम थांबलं की टोकावर भरपूर सोल्डर ठेवून मगच बटण बंद करायचं, पुसून नाही. गिऱ्हाईक येऊन बसलं, चहा झाला, गप्पा झाल्या, तोवर बिट ४०० वर तापत राहिली, हेही बंद करा. अस्सल बिटसुद्धा अशाने मरते.

आणि वायर. बिट खोटी असेल तर त्याच दुकानातली वायर खरी कशावरून? ६०/४० म्हणजे ६० टक्के कथील आणि ४० टक्के शिसं. ते १८३ अंशांना मऊ होऊ लागतं आणि १९० च्या आसपास पूर्ण पातळ होतं. कथील महाग, शिसं स्वस्त, म्हणून नकली वायरमध्ये प्रमाण उलटं करतात. ४० टक्केच कथील असेल तर पूर्ण वितळायला २३८ अंशांपर्यंत जावं लागतं, आणि निवताना बराच वेळ ते लापशीसारखं राहतं. तेवढ्यात पिन जरा हलली की जोड आतून तडकला. शिवाय मधल्या पोकळीत फ्लक्स आहे की नाही हे बघा: गरम टोकाला वायर लावली की राळेचा वास आणि हलका धूर यायला हवा. नळकामाची आम्लाची पेस्ट कार्डावर चुकूनही वापरू नका, ती नंतर ट्रॅक खाते. या वायरीत शिसं आहे हे विसरू नका; पंखा धूर बाजूला नेईल असा लावा आणि भाकरीला हात लावण्याआधी साबणाने हात धुवा.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येते. १५,००० चं कर्ज काढू नका. निदान आत्ता नाही.

तुमच्या मनात असं बसलंय की स्वस्त म्हणजे नकली आणि चांगलं म्हणजे नावाजलेल्या कंपनीचं अख्खं स्टेशन. मधलं काही नाहीच. मधलं पुष्कळ आहे. हाको ही ओसाकाची कंपनी, १९५२ पासूनची. तिच्या ९३६ या जुन्या स्टेशनचा आराखडा इतक्या जणांनी उचलला की आज बाजारात मिळणारी बहुतेक साधी स्टेशनं त्याच घडणीची आहेत, आणि '९००एम' हा बिटचा आकार म्हणजे जणू सगळ्यांचं सामायिक माप झालंय. दुसऱ्या कंपनीने त्या मापाची बिट स्वतःच्या नावाने, 'या स्टेशनला चालेल' असं लिहून विकली तर त्यात खोटं काही नाही. त्यातल्या काही चांगल्या असतात. खोटेपणा सुरू होतो तो दुसऱ्याचं नाव पाकिटावर छापलं की. त्यातली गोम अशी की स्वतःचं नाव लावणाऱ्याला निदान पुढच्या वेळी गिऱ्हाईक परत यावं अशी गरज असते. दुसऱ्याचं नाव लावणाऱ्याला ती गरजच नाही. बिट आठ दिवसांत गेली तरी शिव्या जपानला बसतात. म्हणून निवड करताना 'ब्रँड की साधं' असं विचारू नका. 'हा माल कुणाच्या नावावर आहे आणि तो माणूस मला सापडेल का', असं विचारा.

तुमचं आत्ताचं स्टेशन साधं असलं तरी चालतंय ना? मग त्याच्यासाठी दोन खात्रीच्या बिट्स घ्या: एक चपटी, एक बारीक काम करणारी. कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडून पक्क्या बिलावर घ्या. एक अस्सल बिट तुमच्या अख्ख्या संचाच्या कितीतरी पट महाग पडेल, तरी कर्ज काढावं इतकी नक्कीच नाही. एक चांगली वायर, एक राळेचा फ्लक्स. जाड तारांसाठी साध्या, जास्त वॉटच्या भारतीय बनावटीच्या सोल्डरिंग आयर्न मिळतात, त्यांच्या सुट्या बिट्सही मिळतात; एखादी जवळ असू द्या. चिमटे, स्टँड, पितळी जाळी, सोल्डर पंप हे स्वस्तातलं घेतलं तरी काही बिघडत नाही. बिघडलं तर कळतं, फेकता येतं. जिथे बिघाड दिसत नाही आणि भरपाई दुसऱ्याला करावी लागते, तिथे पैसे खर्च करायचे.

आणि तशी सगळ्यात मोठी वस्तू तुमच्या पत्रात आलीच नाही: मल्टिमीटर. तुम्ही मोटारीच्या पेटीत थ्री फेज मोजता, म्हणजे ४१५ व्होल्ट. जो दुकानदार खोट्या नावाच्या बिट्स विकतो त्याच्याकडचा पिवळा मीटर तुमच्या हातात असेल तर माझी झोप उडेल. मीटरवर 'कॅट-थ्री ६०० व्होल्ट' असा सुरक्षेचा दर्जा छापलेला असतो, पण छापायला काय लागतं! मागचं झाकण उघडा. आत काचेची बारीक फ्यूज असेल, प्रोबची वायर पातळ आणि कडक असेल, तर तो मीटर टेबलावर बॅटरी मोजायला ठेवा आणि शेतातल्या पेटीत नेऊ नका. चांगल्या मीटरमध्ये चिनी मातीची, वाळू भरलेली फ्यूज असते. आत ठिणगी पडली तर ती फ्यूज विझवते. काचेची फ्यूज फुटते आणि मीटर हातात जळतो. पैसे साठतील तेव्हा स्टेशनच्या आधी मीटर घ्या. याबाबत मला जराही शंका नाही.

याच ओघात: दुकानातल्या तीन पिनांच्या सॉकेटला खरंच अर्थिंग आहे का बघून घ्या. बऱ्याच गाळ्यांत तिसरं भोक नुसतं शोभेचं असतं. अर्थिंग नसेल तर बिटच्या टोकावर गळतीचं व्होल्टेज येतं आणि नाजूक आयसी (चिप) हात लावता-लावता मरतो, मग तोही दोष तुमच्याच नावावर.

हिशेब तुमच्याच आकड्यांनी मांडते. सहा-सात कार्डं परत येतात, ३०० रुपयांप्रमाणे दोन हजारांच्या घरात मजुरी फुकट जाते, कारण परत आलेलं काम तुम्ही पैसे न घेता करता. वर शेतावर जायचं पेट्रोल, आणि त्या वेळात जे नवं काम झालं असतं ते वेगळंच. समजा यातला अर्धाच दोष बिटचा आहे. तरी महिन्याला हजार रुपये झाले. १५० रुपयांच्या संचात तुम्ही जे वाचवलं असं वाटतं, ते हे असं दुसऱ्या खिशातून जातंय. दोन बिट्स आणि वायर घेऊन दोन महिने काम करा, परत येणाऱ्या कार्डांची वहीत नोंद ठेवा: तारीख, कुठला जोड सुटला, कोणत्या बिटने केला होता. दोन महिन्यांनी त्या वहीवरून स्टेशन लागतंय का ते ठरवा. लागलंच तर तोवर वाचलेल्या पैशातून बरंचसं येईल.

आता दुकानदार. तुम्ही गृहीत धरलंय की त्याने जाणूनबुजून फसवलं. असेलही. पण तालुक्याच्या गावातला दुकानदार बहुतेक वेळा ठोकवाल्याकडून पेटी आणतो, पाकिटावरचं नाव वाचतो आणि विकतो. बिट तो स्वतः कधी तापवत नाही. म्हणून भांडायला जाऊ नका, दाखवायला जा. दुपारी गर्दी नसते तेव्हा जा, घासलेली बिट सोबत न्या, त्याच्या हातात द्या आणि म्हणा, "दादा, हे बघा आत काय निघालं. तुम्हाला पण कुणी तरी गंडवलंय." बाकीच्या गिऱ्हाइकांसमोर हा विषय काढलात तर त्याला स्वतःचा बचाव करावाच लागेल, मग बोलणं संपलं. एकट्यात सांगितलंत तर त्याला माघार घ्यायला जागा राहते.

त्याला हेही कळायला हवं की यात त्याच्या मानेवर काय आहे. ट्रेडमार्क कायदा, १९९९ च्या कलम १०४ प्रमाणे खोट्या नावाचा माल विकणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. माल खोटा असल्याची शंका यायचं कारण नव्हतं, पुरेशी काळजी घेतली होती, आणि माल कुणाकडून आला ते विचारल्यावर सांगितलं, हे सिद्ध केलं तर तो सुटतो. म्हणजे ठोकवाल्याचं पक्कं बिल हेच त्याचं कवच. हे धमकीच्या सुरात सांगू नका. तुम्ही त्याचे उधारीचे गिऱ्हाईक आहात, तो तुमच्या अडचणीला उभा राहिला होता; त्याला वेळीच सावध करणं हे त्या संबंधाला धरूनच आहे. ऐकलं तर उत्तम, तोच तुम्हाला खात्रीचा माल मागवून देईल. "चालतं रे, सगळे हेच नेतात" असं म्हणाला तर त्याच्याकडून वायर, बिट, मीटर सोडून बाकीचा माल घ्या, उधारी हप्त्याहप्त्याने फेडा आणि या तीन वस्तू बाहेरून रोखीने आणा. संबंध तोडायची गरज नाही, परावलंबन तोडलं की पुरे.

इतर वाचकांसाठी एक गोष्ट, कारण असाच माल ऑनलाइन घेऊन फसलेल्यांची पत्रं येत असतात. 'मी धंद्यासाठी घेतला, म्हणजे मी ग्राहक नाही' असा अनेकांचा समज असतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे स्वतःच्या रोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू 'व्यापारी कारणासाठी' घेतली असं धरत नाहीत. एकट्याने दुरुस्तीचं दुकान चालवणारा माणूस ग्राहकच ठरतो. बिल, पाकीट, फोटो जपून ठेवा. आधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, तेही तुम्ही जिथे राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात. विकणारा दिल्लीचा असला तरी दिल्लीला जावं लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. मुदत दोन वर्षांची आहे. ऑनलाइन घेताना विकणाऱ्याचं नाव, पत्ता आणि माल कुठल्या देशाचा ते वाचा. ते दाखवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. दिसत नसेल तर तिथे खरेदीच करू नका.

काकांना समजवायला शब्द खर्च करू नका. दहा-दहा जोडांचं ते कार्ड आणि भिंग त्यांच्या हातात द्या. त्यांनी डिपॉझिट भरलंय, म्हणजे त्यांचा जीव या दुकानात अडकलाय. ते बोलतात ते काळजीनेच. काळी रेघ त्यांना दिसली की म्हण ते स्वतःच मागे घेतील. नाही घेतली तरी वही तुमच्याकडे आहे.

ग्राहकांना सांगावं का, असं तुम्ही पत्रात कंसात विचारलंय, जणू तो छोटा प्रश्न आहे. माझ्या मते तो मोठा आहे. त्या बिटांनी केलेली कितीतरी कार्डं आत्ता चोपड्या-यावलच्या शेतांत बसलेली आहेत, आणि उन्हाळा तोंडावर आहे. केळीला भर उन्हात पाण्याचा खंड पडला तर वाढ थांबते, घड पोसत नाही. मे अखेरीस बागायती कापूस लावणारे असतील, त्यांचंही पाणी या मोटारींवर. रात्रीची लाइट आली, ऑटोने मोटार उचलली नाही आणि शेतकरी घरी झोपलेला, तर सकाळी त्याला कळणार. म्हणून बिलबुकातून गेल्या चार-पाच महिन्यांतल्या मोबाइल ऑटोची आणि स्टार्टर कार्डांची यादी काढा. नवी बिट आली की त्यांना फोन करा. खोट्या मालाची कहाणी सांगायची गरज नाही; कुणी विचारलंच तर खरं सांगा. "भाऊ, तुमच्या कार्डाचे जोड उन्हाळ्याआधी एकदा परत बघून देतो, पैसे नकोत", एवढं पुरेल. कार्ड समोर आलं की आधी रिलेच्या आणि टर्मिनलच्या पिना बघा. जुनं सोल्डर पंपाने ओढून काढा, मगच नवं भरा; जुन्यावर थापलं तर फट आत तशीच राहते. एका कार्डाला पाच-दहा मिनिटं लागतील. ज्यांची केळी उभी आहे त्यांना पहिला फोन करा.